सरांचा डावा कान

आमच्या अभ्यासमंडळात वाल खात नाहीत. सिंगापुरातल्या पंचवीस-तीस शिकल्यासवरल्या मराठी माणसांनी आपल्यावर बहिष्कार टाकला आहे हे त्या बिचाऱ्या कडधान्याला माहीत नाही. मला मात्र माहीत आहे, आणि त्याचा मला त्रासही होतो, कारण या बहिष्काराचा उगम माझ्या स्वयंपाकघरात आहे.

हकिगत साधी आहे. एका शनिवारी मी वालाचं बिरडं केलं होतं. लिटल इंडियातून कडवे वाल आणायचे, भिजवायचे, मोड काढायचे, मग एकेक सोलत बसायचं, एवढा सगळा घाट घातल्यावर मी ते थोडंथोडकं करत नाही. माझ्या नवऱ्याने ते शनिवारी दुपारी खाल्लं, रात्री खाल्लं, आणि रविवारी सकाळी उरलंसुरलं पावाबरोबर संपवलं. मग आम्ही मंडळाच्या बैठकीला गेलो. तिथे जेवणात नेमकं बिरडंच होतं. त्याचं पोट एव्हाना गुरगुरायला लागलं होतं. पण चारचौघांत तसं सांगायचं कसं? त्याने वाटी हाताने हळूच बाजूला सारली आणि म्हणाला, "आज नको. पोट हलकं असलं की विचार नीट होतो."

शेजारी बसलेल्या एका पुण्याच्या आयटी मॅनेजरने हे वाक्य लगेच मोबाइलवर टिपून घेतलं. पुढच्या महिन्यात कुणीतरी वालाची आमटी आणली, तेव्हा याच गृहस्थांनी तो डबा उघडूच दिला नाही. "सर वाल घेत नाहीत," ते म्हणाले. सर तेव्हा समोरच बसले होते आणि डब्याकडे आशेने बघत होते. पण एकदा तत्त्व म्हणून गाजलेली गोष्ट मोडायची त्याला लाज वाटली. घरी आल्यावर त्याने मला पुढच्याच शनिवारी बिरडं करायला लावलं.

सर म्हणजे माझा नवरा. तो प्राध्यापक वगैरे नव्हता. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कोणता कंटेनर कोणत्या बोटीवर चढवायचा याचं नियोजन करायचा. येता-जाता एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वेळ जावा म्हणून त्याने तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचायला घेतली, आणि वाचलेलं दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आधी तो मला समजावायचा. मग जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, राहणाऱ्या मित्रांना समजावायला लागला. त्यातून महिन्यातल्या एका रविवारी त्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये बैठक सुरू झाली आणि बघता बघता तिचं मंडळ झालं. समजावायची हातोटी त्याच्याकडे होती, हे मी कबूल करते. अवघड गोष्ट तो कंटेनर आणि बोटींच्या भाषेत आणून सोडायचा. पण लिहिलं त्याने काहीही नाही. लोक आता म्हणतात, त्यांचा शब्दापेक्षा संवादावर विश्वास होता. खरं म्हणजे तो आळशी होता.

दुसरी गोष्ट त्याच्या कानाची. लहानपणी कान फुटला होता, तेव्हापासून त्याला डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. हे मला लग्न ठरतानाच सांगितलेलं होतं. बाहेर मात्र त्याने हे कुणालाही कळू दिलं नाही. कुठल्याही मीटिंगमध्ये तो सगळ्यात डावीकडची खुर्ची पकडायचा, म्हणजे अख्खं जग त्याच्या उजव्या हाताला येई. फंक्शन रूममध्ये ही युक्ती चालत नव्हती. तिथे बोलणाऱ्याची खुर्ची मधोमध, प्रोजेक्टरच्या शेजारी होती. जुने लोक वेळेवर येऊन त्याच्या उजवीकडच्या चांगल्या जागा धरायचे आणि नवे लोक उशिरा येऊन त्याच्या डावीकडे बसायचे. त्यांच्यातल्या कुणी प्रश्न विचारला, की सर समोर बघत मंद हसत राहायचे. विचारणारा ओशाळायचा. त्याला वाटायचं, आपला प्रश्नच उत्तर देण्याच्या लायकीचा नव्हता. हळूहळू डावी बाजू आपसूक गप्प झाली. मग कुणीतरी त्याचा नियमच केला, की नव्या सभासदाने पहिलं वर्षभर फक्त ऐकायचं. आणि उजवीकडच्या माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तो मान कलती करून, डोळे मिटून उजवा कान पुढे करायचा, त्याला चिंतन म्हणू लागले. तसा बसलेला त्याचा एक फोटो आता मंडळाच्या बॅनरवर आहे.

माझा नवरा काही वर्षांपूर्वी ऑफिसातच गेला. सकाळी डबा घेऊन निघाला आणि दुपारी मला फोन आला. मुलगी तेव्हा सेकंडरी थ्रीमध्ये, म्हणजे नववीत होती. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की मंडळातल्या लोकांनी आम्हाला अक्षरशः हातावर झेललं. कागदपत्रं, विमानाची तिकिटं, भारतातले विधी, परत आल्यावर महिनाभर रोजचा डबा, सगळं त्यांनी केलं. म्हणून मी त्यांची चेष्टा करते तेव्हा माझ्याच जिभेला चटका बसतो. पण करते.

कारण नवरा गेल्यानंतर तो सुधारतच गेला. वर्षागणिक त्याचे दोष गळून पडायला लागले. वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, "सर म्हणायचे", आणि वाद मिटायचा. सर काय काय म्हणायचे हे ऐकून माझ्यावर थक्क व्हायची पाळी आली. सर म्हणायचे, माणसाने रोज चालावं. बुकित पंजांगला आमच्या घरापासून एका स्टेशनावर जायलासुद्धा एलआरटी, म्हणजे वस्तीतली छोटी ट्रेन, पकडणारा माणूस! सर म्हणायचे, मोबाइल लांब ठेवावा. सर म्हणायचे, मुलांशी मातृभाषेत बोलावं. हे शेवटचं खरं तर पुण्याच्या मॅनेजरांचं स्वतःचं मत होतं आणि चांगलं होतं, पण स्वतःच्या नावावर ते त्यांना हलकं वाटत असावं. ते आता मंडळाचे संयोजक आहेत. मी पूर्वीची वहिनी, आता वहिनीसाहेब झाले आहे. ही बढती मी मागितली नव्हती.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्याला पटवून द्यायच्या, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे दर बैठकीत मी मनातल्या मनात चुका मोजायचे आणि घरी येऊन भांडी जोरात घासायचे.

अशात यंदा मंडळाने वर्षभरासाठी विषय निवडला, तो असा: प्राचीन काळाच्या शेवटी शेवटी होऊन गेलेल्या तत्त्वज्ञांनी आपल्या एका जुन्या गुरूला देवपदाला कसं नेलं. त्या गुरूचं नाव मी लिहीत नाही. या लिखाणात कुणाचंच नाव नाही, मग एकट्या त्याचं कशाला? शाळेत काटकोन त्रिकोणाच्या निमित्ताने आपण सगळ्यांनी त्याला मनोभावे शिव्या घातलेल्या आहेत, एवढी ओळख पुरे.

संयोजकांनी तयारी फार छान केली होती. गुरू स्वतः काही लिहून गेला नाही, त्यांनी सांगितलं. त्याच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी ज्यांनी त्याची चरित्रं लिहिली, त्यांच्या हातात ऐकीव गोष्टींचे तुकडेच होते. त्या तुकड्यांतून त्यांनी एक परिपूर्ण माणूस उभा केला. त्याची मांडी सोन्याची होती. नदी ओलांडताना नदीने त्याला नावाने हाक मारून नमस्कार केला. एकाच दिवशी तो दोन गावांत दिसला. त्याने एका बैलाला घेवडा न खाण्याबद्दल समजावलं आणि बैलाला ते पटलं. शिष्यांना सुरुवातीची पाच वर्षं बोलायला बंदी होती. कुठलीही गोष्ट सिद्ध करायची तर "तो म्हणाला" एवढंच पुरे होई. आणि आकाशातले ग्रह फिरताना जे संगीत निघतं, ते माणसांपैकी एकट्या त्यालाच ऐकू येई.

लोक खो खो हसत होते. सोन्याच्या मांडीवर तर एका काकांनी असा काही विनोद केला, की त्यांच्या बायकोने त्यांना चिमटा काढला. संयोजक स्वतःही हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "पण एक लक्षात घ्या. ही माणसं मूर्ख नव्हती. फार बुद्धिमान होती. भोवती नवा धर्म जोर धरत होता, यांची देवळं ओस पडायला लागली होती. त्यांना आपल्या बाजूचा एक संत हवा होता. आणि स्वतःला सुचलेलंही ते गुरूच्याच नावावर घालायचे. त्यात लबाडी नव्हती, नम्रता होती."

हे मला आवडलं. इतकं आवडलं, की क्षणभर मला वाटलं, आता यांच्या डोक्यात प्रकाश पडणार. त्यांच्या मागेच बॅनरवर माझा नवरा मान कलती करून, डोळे मिटून बसला होता. डावीकडे नवे लोक वर्षभराचं मौन पाळत होते. मी वाट बघत राहिले. संयोजकांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "या विषयावर सर काय म्हणाले असते, याचा आपण घरी विचार करू."

मग जेवणं सुरू झाली. केटरर नवा होता, त्याला कुणी कल्पना दिली नव्हती. एका मोठ्या ट्रेमध्ये वालाचं बिरडं निघालं. हॉलमध्ये कुजबुज झाली, दोघांनी तो ट्रे उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर नेला आणि वर पेपर नॅपकिन पसरले. ज्या लोकांनी तासाभरापूर्वी त्या बैलाला हसून घेतलं होतं, तेच हे लोक.

मी कोपऱ्यात गेले, तर नॅपकिन बाजूला करून एक मुलगी ते वाढून घेत होती. नागपूरची, इथे प्रथिनांवर संशोधन करणारी, डाव्या बाजूच्या मौनातली. "मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि आता सांगितलं तरी मी खाणार आहे. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलंय, कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं." तिने एक घास खाल्ला. "तपासलं. मस्त झालंय."

आम्ही दोघी उभ्या उभ्या खात होतो. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू? सरांच्या बैठकांचे जुने व्हिडिओ मी बघते. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं का?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वालाच्या तिखटावर ढकलून मी ते पुसलं. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याबद्दल मला कुणी प्रश्नच विचारला नव्हता. सगळे मलाच माहिती द्यायचे. "हो," मी म्हणाले, "अजिबात नाही यायचं." ती म्हणाली, "वाटलंच मला," आणि आणखी थोडं बिरडं घेतलं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. बसतच आले होते. पण पुढच्या महिन्यात स्मृतिदिन होता आणि संयोजकांनी माझ्या मुलीला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. ती आता युनिव्हर्सिटीत आहे. एका संध्याकाळी ती आपल्या खोलीत भाषणाची तयारी करत होती आणि मी कणीक मळत ऐकत होते. भाषण अर्थातच इंग्रजीत होतं. माझे वडील कधी आवाज चढवून बोलले नाहीत, ती म्हणत होती. त्यांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं. ते अतिशय साधं खायचे.

मी पिठाच्या हातांनी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "हे कुठून आणलंस?"

"एव्हरीवन सेज सो, आई."

"आवाज चढवून बोलले नाहीत? तुझ्या गणिताच्या मार्कांवरून त्याने टीव्हीचा रिमोट फेकला होता. त्याचं झाकण अजून सेलोटेपने चिकटवलेलं आहे."

तिने हातातला कागद खाली ठेवला. "रिअली? आय थॉट दॅट वन तुझ्या हातून पडला."

मला धस्स झालं. ती वडिलांना थोडंफार विसरली असती तर मी समजू शकले असते, मध्ये वर्षं गेली होती. पण ती विसरत नव्हती. तिच्या आठवणीतला त्याचा पाट कुणी दुसराच गृहस्थ बळकावून बसत होता. हा गृहस्थ शांत होता, मिताहारी होता, सर्वांचं ऐकणारा होता, आणि माझा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मंडळाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्याचं मला फार काही नव्हतं. पण माझ्या मुलीला बाप हवा होता, तो तिचा होता तसा. तो परत आणणं माझ्याशिवाय कुणाच्या हातात नव्हतं. आणि आणायचा तर ज्या लोकांनी आम्हाला सांभाळलं त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागणार होतं. या शहरात ते सोडून मला कोण आहे? त्यांनी पाठ फिरवली तर रविवारी जायला मला दुसरं घर नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी वाल आणले.

मोड आल्यावर आम्ही दोघी सोलायला बसलो. भिजलेला वाल दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन निसटतो. मुलीने पहिलाच दाबला तो उडून थेट फ्रिजवर आपटला. ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. "बाबा यूज्ड टू शूट मी विथ दीज," ती म्हणाली. "माझ्या केसांत. मी शाळेत गेले तेव्हा वन वॉज स्टिल इन माय हेअर." हे मलाही माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम एक वाल तिच्या केसांत मारला.

स्मृतिदिनाला मी मोठा डबा घेऊन गेले. वरून कागद गुंडाळला होता, त्यामुळे आत काय आहे ते कुणाला कळलं नाही. मुलगी बोलली. तिने भाषण बदललं होतं, त्यात रिमोट होता आणि केसांतला वाल होता. लोक जरा चुळबुळले. मग मी उठले.

मी सगळं सांगितलं. तीनदा खाल्लेलं बिरडं सांगितलं, बिघडलेलं पोट सांगितलं. एका स्टेशनासाठी एलआरटी पकडणं सांगितलं. डाव्या कानाचं सांगितलं, आणि डावीकडच्या लोकांची मी त्याच्या वतीने माफी मागितली. तुमचे प्रश्न वाईट नव्हते, मी म्हणाले, ते त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मला जोर चढला होता. "तुम्ही म्हणता सर सगळ्यांचं ऐकायचे," मी म्हणाले. "नाही. तो उजवीकडच्यांचं ऐकायचा. आणि घरी उजवीकडे मी बसायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा शब्दन् शब्द त्याने ऐकलेला आहे. म्हणून तो कसा होता हे मला विचारा."

मी बसले. कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं हसली, आणि बघता बघता अख्खा हॉल हसायला लागला. ते हसणं चांगलं होतं, मोकळं होतं. संयोजक उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जिंकलो.

"वहिनीसाहेब," ते म्हणाले, "सर आम्हाला आज नव्याने कळले. एवढी मोठी उणीव त्यांनी कधी जाणवू दिली नाही. एक कान त्यांनी जगासाठी ठेवला होता आणि दुसरा," इथे ते बॅनरकडे वळले, "दुसरा आतलं ऐकण्यासाठी."

टाळ्या झाल्या. आम्ही एखादी चूक दाखवली की ती चूक नसून मुद्दाम दिलेली सोय आहे असं सांगणारे लोक ऑफिसात मला रोज भेटतात. पण इतक्या मनापासून सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. बिरड्याचा डबा उघडला तेव्हा लोकांनी ते प्रसादासारखं हातावर घेतलं. दर स्मृतिदिनाला वालच करायचे असं तिथल्या तिथे ठरलं. जेवणानंतर मी पाहिलं, तर दोन ज्येष्ठ सभासद डावीकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसले होते आणि नव्या लोकांना उजवीकडे सरकायला सांगत होते. नागपूरच्या मुलीने लांबूनच माझ्याकडे बघून खांदे उडवले.

तरी मी खुशीत होते. मंडळाचं मंडळ जाणे, माझ्या मुलीला तिचा बाप मिळाला होता. रिकामा डबा मांडीवर घेऊन मी एमआरटीत बसले. पुढे एलआरटीत बदललं. आमची एलआरटी लोकांच्या घरांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप धूसर होतात, आत डोकावता येऊ नये म्हणून. मुलगी त्या धूसर काचेकडेच बघत होती.

"आई, वन थिंग," ती म्हणाली. "तू म्हणालीस यू सॅट ऑन हिज राइट."

"हो. मग?"

"दॅट वॉज मी."

"काहीतरी काय बोलतेस. तू समोर बसायचीस."

"समोर टीव्ही, आई. मी राइटला. तू किचनच्या साइडला, बिकॉज तुला पोळ्या आणायला उठावं लागायचं. तू लेफ्टला होतीस, लाह."

मी तिला गप्प केलं. अगदी रागावूनच केलं. इतकी वर्षं संसार मी केला, कुठे बसायचे ते मला माहीत नसेल?

घरी आल्यावर मी दिवा लावला आणि टेबलाकडे पाहिलं. त्याची खुर्ची होती तिथेच आहे, भिंतीला पाठ, टीव्हीकडे तोंड. मी रोज जिथे बसते त्या खुर्चीवर जाऊन बसले. मागे स्वयंपाकघराचं दार. शेजारी त्याची रिकामी खुर्ची. मी मनात त्याला त्या खुर्चीवर बसवलं आणि मग स्वतःकडे पाहिलं. मी त्याच्या डाव्या हाताला होते. बुकित पंजांगच्या या घरात आल्यापासून रोज, रात्रीच्या जेवणाला, मी त्याच्या डाव्या हाताला होते. उजवीकडे मी बसायचे ते जुरोंग ईस्टच्या भाड्याच्या घरात, लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात. तिथे स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारी मी, त्या खुर्चीत बसून रोज जेवत होते.

मला आधी त्याचाच राग आला. मेल्या, सांगायचंस ना. मग आठवायला लागलं. माझी आई आजारी होती तेव्हा एकदा याच टेबलावर जेवताना मी त्याला सांगितलं होतं, की मला ठाण्याला परत जायचंय, कायमचं. हे वाक्य जिभेवर यायला मला दोन वर्षं लागली होती. तो समोर बघत मंद हसला आणि म्हणाला, "हं." पुढे कधी विषय निघाला नाही. मला वाटलं, त्याने ऐकलं, सगळ्या बाजूंनी विचार केला आणि न जाण्यातच आपल्या सगळ्यांचं भलं आहे असं ठरवलं. मी त्याच्या त्या शांतपणाचा केवढा आदर केला होता! आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला बोल लावला नाही. मैत्रिणींना सांगायचे, तो फार बोलत नाही, पण त्याचं न बोलणंही विचारपूर्वक असतं.

मुलगी हातपाय धुऊन आली. माझ्याकडे बघून काय समजायचं ते ती समजली. तिने त्याची खुर्ची ओढली, तीत बसली आणि ती फिरवून माझ्याकडे तोंड केलं. "काय सांगायचीस त्यांना?" तिने विचारलं.

मी तिला ठाण्याचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती मध्ये काही बोलली नाही, हं सुद्धा म्हणाली नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "मग परत का नाही विचारलंस?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "त्याला ऐकू आलं."